‘पाहिजेच!’ : अल्बर्ट एलिस नावाचा भांडखोर समुपदेशक

आजचा भाग जरा लांबणार आहे. लोकलमध्ये असाल तर खिडकी पकडून बसा, घरी भांडी घासत ऐकत असाल तर अजून छान. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिहूनही देते आहे. बोलताना माझं जे ‘म्हणजे… म्हणजे…’ चालतं तेवढं फक्त गाळलंय.

तुमच्याकडून येणाऱ्या मेसेजमध्ये एक प्रश्न सारखा येतो. काउन्सेलरकडे जायचं म्हणजे नक्की कोणाकडे जायचं? तो शांतपणे ऐकणारा माणूस असतो की चार गोष्टी सुनावणारा? मराठीत आपण ‘समुपदेशक’ म्हणतो आणि गंमत बघा, त्या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे. उपदेश म्हटलं की आपल्याला लग्नाच्या पंगतीत भेटणारे काका आठवतात. ‘बाळ, पुढे काय करायचं ठरवलंयस?’ त्यामुळे बरीचशी चांगली समुपदेशक मंडळी पहिल्याच भेटीत सांगून टाकतात, की आम्ही उपदेश करत नाही.

आज ज्याची गोष्ट सांगणार आहे तो माणूस मात्र बिनधास्त उपदेश करायचा. वाद घालायचा, शिव्या द्यायचा, समोरच्याचं वाक्य मध्येच तोडायचा. आणि तरीही १९८२ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांना जेव्हा विचारलं गेलं, की मानसोपचारावर सर्वात जास्त प्रभाव कोणाचा, तेव्हा पहिला नंबर कार्ल रॉजर्सचा आला, दुसरा या माणसाचा, आणि सिग्मंड फ्रॉइड चक्क तिसरा. या दोन नंबरवाल्याचं नाव अल्बर्ट एलिस. तो असा का होता आणि त्याची उपचाराची पद्धत अशी का झाली, हे समजून घ्यायचं तर त्याच्या लहानपणापासून सुरुवात करावी लागते.

जन्म २७ सप्टेंबर १९१३, पिट्सबर्ग. वाढला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात. तीन भावंडांत थोरला. वडील धंद्यासाठी सारखे बाहेरगावी, आणि घरी असले तरी मुलांकडे फारसं लक्ष नाही. आई स्वतःच्याच नादात. सकाळी मुलं शाळेला निघायची तेव्हा ती झोपलेली असायची. मग या पोराने काय केलं? स्वतःच्या पैशाने गजराचं घड्याळ आणलं, आणि रोज उठून धाकट्या भावाबहिणीला तयार करून शाळेत न्यायला लागला.

त्यात आजारपण. पाच ते सात या वयात मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे तो आठ वेळा हॉस्पिटलात राहिला. एकदा तर सलग जवळजवळ दहा महिने. आजूबाजूच्या खाटांवरच्या मुलांना भेटायला आईवडील यायचे, खेळणी यायची. याच्याकडे क्वचित कोणी फिरकायचं. पुढे मोठेपणी एलिस सांगायचे, की त्या वॉर्डात मी दुःखी न होण्याच्या युक्त्या शोधायला लागलो. कोणी येणार नाही हे तर दिसतंच आहे, मग आता मी माझ्या डोक्यात काय चालवू, असा तो विचार.

इथे मी थोडी थांबते, कारण मला ही गोष्ट नुसती ‘प्रेरणादायी’ म्हणून सांगायची नाही. सहा वर्षांचं मूल स्वतःची समजूत काढायला शिकतं, यात हुशारी आहे. पण ती समजूत काढायला दुसरं कोणीच नव्हतं, हेही त्यातच आहे. एलिस यांच्या पद्धतीचं सगळं बळ आणि तिच्यातली सगळी उणीव, दोन्ही मला त्या वॉर्डातच दिसतात. ‘तुझं तू सावर’ हे त्यांना शिकवता आलं, कारण ते त्यांनी स्वतः करून पाहिलं होतं. आणि सावरायला कोणीतरी जवळ बसावं लागतं, हे त्यांना कधी फारसं पटलं नाही, कदाचित त्याच कारणाने.

आता येऊ त्या प्रसिद्ध बागेच्या किश्श्याकडे. मुलगा एकोणीस वर्षांचा झाला. पुस्तकं भरपूर वाचायचा, डोकं तल्लख, पण मुलींशी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. ब्रॉन्क्समध्ये वनस्पतिउद्यान आहे, बोटॅनिकल गार्डन. तिथे तो तासन् तास बसायचा, आवडलेल्या मुलीकडे बघायचा आणि काहीतरी सबब काढून उठून जायचा. भीतीवर केलेल्या प्रयोगांविषयी त्याने वाचलं होतं. जॉन वॉटसन आणि त्यांच्या भोवतालच्या मंडळींनी, ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्याजवळ लहान मुलांना हळूहळू नेलं की भीती ओसरते, असं दाखवलं होतं. याने ठरवलं की हेच आपण स्वतःवर करू.

१९३३ चा ऑगस्ट. महिनाभर रोज बागेत जायचं. बाकावर एकटी बाई बसलेली दिसली की त्याच बाकावर जाऊन बसायचं आणि एका मिनिटाच्या आत काहीतरी बोलायचं. पाऊस-पाण्याचं, पक्ष्यांचं, हातातल्या पुस्तकाचं. त्याच्या हिशेबाप्रमाणे तो १३० जणींच्या शेजारी जाऊन बसला. ३० जणी लगेच उठून गेल्या. उरलेल्या १०० जणींशी थोडंफार बोलणं झालं. त्यातली एक भेटायला तयार झाली, आणि ठरल्या वेळी आलीच नाही.

म्हणजे निकाल शून्य. पण त्याने वेगळीच नोंद केली. कोणी ओरडलं नाही, कोणी पोलीस बोलावले नाहीत, आभाळ कोसळलं नाही. आणि महिनाअखेर त्याची भीती जवळपास गेलेली होती. सार्वजनिक भाषणांच्या भीतीवरही त्याने हाच उतारा केला. एका राजकीय गटासाठी मुद्दाम भाषणं द्यायला लागला.

हा किस्सा रील्सवर फिरतो तेव्हा ‘मुलींशी बोलायची ट्रिक’ म्हणून फिरतो. तसा तो नाहीये. (आणि कृपा करून आजच्या बागेत तो जसाच्या तसा करू नका. एकटी बसलेल्या बाईला एकटं बसू देणं हीसुद्धा सभ्यता आहे.) त्यातली कामाची गोष्ट एवढीच, की भीतीबद्दल विचार करून भीती जात नाही, भीती वाटत असताना ती गोष्ट करून बघावी लागते. पुढे एलिस प्रत्येकाला ‘गृहपाठ’ द्यायचे, त्याचं मूळ हे.

शिक्षणाचं म्हणाल तर ते सरळ रेषेत नाहीच. १९३४ साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून पदवी घेतली ती व्यापार विषयात. मंदीचे दिवस, घरी पैसे हवेत. भावाबरोबर एक छोटा धंदा काढला. पँट फाटली पण कोट चांगला आहे, अशा लोकांना जुळणाऱ्या रंगाची पँट शोधून द्यायची. उरलेल्या वेळात कादंबऱ्या आणि नाटकं लिहायची. ढीगभर लिहिली, एकही छापून आली नाही. मग लैंगिकता, प्रेम, लग्न या विषयांवर अभ्यास करून लिहायला लागला, आणि मित्रमंडळी सल्ला विचारायला येऊ लागली. समाजाला चोरून बोलायची सवय असलेल्या विषयांवर हा उघड बोलायचा. ज्यांनी र. धों. कर्वे आणि त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाबद्दल वाचलंय त्यांना हा स्वभाव ओळखीचा वाटेल. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, पण काळ साधारण तोच.

सल्ला द्यायला आपल्याला आवडतं आणि जमतं, हे लक्षात आल्यावर एलिस कोलंबिया विद्यापीठात गेले. १९४३ मध्ये चिकित्सा मानसशास्त्रात एम. ए., १९४७ मध्ये पीएच. डी. नोकरी न्यू जर्सी राज्याच्या सरकारी खात्यात.

त्या काळात मानसोपचार म्हणजे मनोविश्लेषण. फ्रॉइडची परंपरा. माणूस कोचावर आडवा पडतो, मनात येईल ते बोलतो, विश्लेषक मागे बसून ऐकतो, आणि हे आठवड्यातून अनेकदा, वर्षानुवर्षं चालतं. एलिस यांनीही त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. त्यांचे प्रशिक्षक होते हुल्बेक. हे गृहस्थ तरुणपणी युरोपातल्या ‘दादा’ या अचाट कलाचळवळीच्या संस्थापक मंडळींपैकी एक, नाव रिचर्ड ह्युल्सनबेक! कवितेच्या मंचावर ढोल बडवणारा माणूस पुढे न्यूयॉर्कमध्ये मनोविश्लेषक झाला. असो. मला हे सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

मनोविश्लेषण करता करता एलिस कंटाळले. लोकांना आपल्या बालपणाबद्दल सगळं कळतंय, रडू येतंय, मोकळं वाटतंय, आणि पुढच्या सोमवारी ते पुन्हा तसेच वागतायत. उलट आपण आठवड्यातून एकदाच भेटून, मध्ये बोलून, सरळ मुद्द्यावर आलो तर लोक लवकर सुधारतात, असं त्यांना दिसायला लागलं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी कोच सोडला. सोळाव्या वर्षापासून वाचलेलं तत्त्वज्ञान आता कामाला आलं. त्यात सर्वात जवळचा होता एपिक्टेटस, पहिल्या-दुसऱ्या शतकातला ग्रीक विचारवंत, जो गुलाम म्हणून वाढला होता. त्याचा मुख्य मुद्दा असा, की माणसं घटनांमुळे जेवढी अस्वस्थ होतात त्यापेक्षा त्या घटनांकडे बघण्याच्या आपल्या नजरेमुळे जास्त होतात. १९५५ पासून एलिस यांनी आपल्या पद्धतीला ‘रॅशनल थेरपी’ म्हणायला सुरुवात केली. १९५६ मध्ये शिकागोला मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात ती मांडली, तेव्हा स्वागत थंडच झालं. फ्रॉइडवाल्यांना ते उथळ वाटलं. पुढे नाव बदलत गेलं. १९६१ मध्ये त्यात ‘भावना’ आली, १९९३ मध्ये ‘वर्तन’ आलं. म्हणून आजचं लांबलचक नाव, रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी, थोडक्यात आरईबीटी. मराठीत आपण तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतो.

साठच्या दशकात फिलाडेल्फियात ॲरन बेक यांनी नैराश्याचा अभ्यास करताना विचार आणि भावना यांचं असंच नातं मांडलं. आज ज्याला सगळे ‘सीबीटी’ म्हणतात, ज्याची ॲप तुमच्या फोनवर असतील, त्या घराण्याचे हे दोन आजोबा. एक सौम्य आणि मोजून-मापून बोलणारे बेक, दुसरे आपले एलिस.

आता पद्धतीचा गाभा. तो मराठीत सांगायला फार सोपा आहे, इंग्रजीपेक्षाही सोपा, कारण आपल्याकडे त्यासाठी एक अक्षर आहे. ‘च’.

‘मला ही नोकरी मिळाली पाहिजे’ आणि ‘मला ही नोकरी मिळालीच पाहिजे’. लिहिताना एका अक्षराचा फरक. पोटात गोळा येतो तो दुसऱ्या वाक्याने. पहिल्या वाक्यात इच्छा आहे, दुसऱ्यात हुकूम आहे. आणि हुकूम कोणाला? जगाला, जे आपल्या हुकमात नाही. एलिस यांचं म्हणणं असं, की माणसाची तीव्र अस्वस्थता अशा हुकमांतून येते. सुरुवातीला त्यांनी चुकीच्या समजुतींची डझनभर लांबीची यादी केली होती. नंतर ती तीनवर आणली. मी यशस्वी झालोच पाहिजे. लोकांनी माझ्याशी नीट वागलंच पाहिजे. आयुष्य सोपं असलंच पाहिजे. इंग्रजीतल्या ‘मस्ट’वरून त्यांनी या सवयीला एक चावट नाव दिलं होतं, ते मी इथे उच्चारणार नाही, तुम्ही ओळखलं असेल.

त्यांचं प्रसिद्ध एबीसी सूत्र तेवढंच आहे. ए म्हणजे घडलेली घटना, सी म्हणजे झालेला परिणाम, भावना. आपल्याला वाटतं ए मुळे सी झालं. मध्ये एक बी लपलेला असतो, तो म्हणजे आपला दृष्टिकोन. उपचार करायचा तो बी वर. पुढचा डी म्हणजे त्या दृष्टिकोनाशी वाद घालायचा.

वाद कसा घालायचा याचा एक काल्पनिक नमुना देते. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणारा एक मुलगा, एमपीएससीचा चौथा प्रयत्न, आणि समोर एलिस यांच्या पठडीतल्या समुपदेशक मॅडम.

‘मॅडम, या वेळी प्री निघालीच पाहिजे.’

‘निघावी असं तुला फार वाटतंय. बरोबर आहे. पण निघालीच पाहिजे हा नियम कुठून आला?’

‘घरचे चार वर्षं पैसे पाठवतायत.’

‘म्हणून निघाली तर खूप बरं होईल. पण आयोगाला तुझ्या घरचं माहीत आहे का?’

‘नाही.’

‘आणि नाही निघाली तर?’

‘तर मी संपलो.’

‘परीक्षेचा प्रयत्न संपला, की तू संपलास?’

तो गप्प. इथे मॅडम ‘अरे निघेल रे, पॉझिटिव्ह राहा’ असं म्हणत नाहीत, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. कारण आरईबीटी म्हणजे सकारात्मक विचार असा सरसकट गैरसमज आहे. एलिस यांना त्या प्रकाराचा राग होता. ‘सगळं छान होईल’ हेसुद्धा जगाला दिलेलं एक आश्वासन, जे जग पाळेल याची खात्री नाही. त्यांची मांडणी कडू होती. निघणार नाही, असंही होऊ शकतं. ते वाईट असेल. तुला दुःख होईल, व्हायलाच हवं. पण दुःख होणं वेगळं आणि कोसळणं वेगळं. काळजी वाटणं वेगळं आणि भीतीने हातपाय गळणं वेगळं. दुःख आणि काळजी माणसाला पुढचं काहीतरी करायला लावतात. दुसऱ्या दोन गोष्टी त्याला खोलीत कोंडून ठेवतात.

आणि ‘मी संपलो’ या वाक्याबद्दल एलिस यांचं म्हणणं सर्वात ठाम होतं. माणसाच्या कामाला गुण द्या, माणसाला देऊ नका. आपल्या गावात ‘वाया गेलेला मुलगा’ असा एक शिक्का असतो ना? पूर्ण माणसावर मारलेला. मार्कशीटवर गणिताचे गुण असतात, भूगोलाचे असतात. ‘माणूस’ असा विषय कुठल्याच बोर्डाच्या मार्कशीटवर नसतो. तो आपण मनात छापतो, आणि त्यात स्वतःला नापास करतो. एलिस यांना स्वाभिमान वाढवण्याची कल्पनाही नको होती. कारण आज पास झालो म्हणून मी भारी, तर उद्या नापास झाल्यावर मी कचरा. त्यापेक्षा स्वतःला कसलीच अट न घालता स्वीकारा, आणि कामावर मेहनत घ्या.

यासाठी ते लोकांना अचाट गृहपाठ द्यायचे. दोरीला केळं बांधून ते कुत्र्यासारखं रस्त्यावरून फिरवायचं. भुयारी रेल्वेत उभं राहून पुढच्या स्टेशनचं नाव मोठ्याने ओरडायचं. लोक बघतील, हसतील. बघू देत. लोकांच्या नजरेने आपण मरत नाही हे शरीराला कळावं म्हणून. मला यातलं केळं कधी जमलं नसतं, पण ‘लोक काय म्हणतील’ या आजाराला यापेक्षा स्वस्त औषध माझ्या ऐकण्यात नाही.

मॅनहॅटनमध्ये ६५ व्या रस्त्यावर त्यांच्या संस्थेची इमारत होती. दिवसभर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भेटी. आणि १९६५ पासून दर शुक्रवारी रात्री खुला कार्यक्रम. कोणीही यावं, अनेक वर्षं फक्त ५ डॉलर देऊन. प्रेक्षकांतला एखादा स्वतःहून मंचावर येणार, आपली अडचण सांगणार, एलिस सगळ्यांसमोर त्याच्याशी वाद घालणार, आणि मग प्रेक्षकही प्रश्न विचारणार. मध्येच ते लोकप्रिय चालींवर स्वतः रचलेली विनोदी गाणी बेसूर गायचे. मला तर हे वर्णन वाचताना कीर्तनच आठवलं. आख्यान, विनोद, गाणं, आणि समोरच्याला मध्येच कानपिचकी. मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलण्याची रीत तर आपल्याकडे रामदासांच्या ‘मनाच्या श्लोकां’पासून घराघरात आहे.

पण हाच माणूस बंद खोलीत, एकट्या समोरच्या व्यक्तीशी बोलताना कसा वाटायचा, याची चित्रफीत आहे. १९६५ मध्ये एक शैक्षणिक फिल्म आली. ग्लोरिया नावाची एक घटस्फोटित तरुण आई एकाच फिल्ममध्ये तीन नामवंतांशी बोलते. आधी कार्ल रॉजर्स, मग फ्रिट्झ पर्ल्स, मग अल्बर्ट एलिस. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती आजही दाखवतात. रॉजर्स पुढे झुकून ऐकतायत, तिचंच बोलणं तिला परत देतायत. एलिस यांच्याशी ती सांगते, की आवडणाऱ्या पुरुषांसमोर मी बुजते. म्हणजे बघा, विषय थेट एलिस यांच्या तरुणपणाचा! आणि एलिस बोलत सुटतात. स्पष्टीकरण, मुद्दा, उपमुद्दा, गृहपाठ. थोड्या वेळात फार कोंबायला गेलो, हे त्यांनी नंतर स्वतःच म्हटलं. ग्लोरियाने पुढे अनेक वर्षं पत्रं लिहिली ती रॉजर्स यांना.

हे बघितल्यावर माझ्या मनात एक प्रश्न अडकून राहिला. बरोबर मुद्दा चुकीच्या वेळी सांगितला तर तो बरोबर राहतो का?

माझ्या एका मैत्रिणीचा अनुभव सांगते, तिच्या परवानगीने. ऑफिसात वरिष्ठ तिला सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलायचा. झोप उडाली, म्हणून ती एका समुपदेशकाकडे गेली. नाव-गाव राहू दे. पहिल्या वीस मिनिटांत तिला ऐकायला मिळालं, की ‘त्याने माझ्याशी नीट वागलंच पाहिजे ही तुमची अविवेकी मागणी आहे’. ती पुन्हा गेली नाही. आता, सूत्र पाठ केलं तर हे वाक्य आरईबीटीत बसतं. पण त्या बाईला तेव्हा हवं होतं कोणीतरी म्हणणारं, की तो वागतोय ते चूक आहे आणि त्याबद्दल तक्रार करता येते. घरात मार खाणाऱ्या मुलीला, जातीवरून हिणवल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याला जर आपण आधी ‘तुझा दृष्टिकोन तपास’ म्हटलं, तर तो उपचार राहत नाही, ते अन्याय करणाऱ्याचं काम सोपं करणं होतं. घटना छोटी आणि दृष्टिकोन मोठा असं नेहमी नसतं. कधी कधी ए हाच मोठा असतो.

एलिस यांच्या स्वतःच्या दृष्टिकोनातही अशा जागा होत्या. पन्नास-साठच्या दशकात समलैंगिकतेबद्दल त्यांनी जे लिहिलं ते आज वाचवत नाही. पुढे त्यांनी ती भूमिका बदलली. देवाधर्माला घट्ट धरून राहणं हाच एक मनोविकार, असंही ते एके काळी म्हणायचे, आणि म्हातारपणी तेही त्यांनी मवाळ केलं. दुसऱ्यांच्या ‘च’वर हल्ला करणाऱ्या माणसाच्या लिखाणात किती ‘च’ होते, ते मोजण्यासारखं आहे.

मग स्वीकार म्हणजे मुकाट सोसणं का? याचं उत्तर त्यांच्या पुस्तकांपेक्षा त्यांच्या म्हातारपणातल्या एका भांडणात मिळतं, ते मी शेवटी सांगते. त्याआधी मुंबईचा धागा.

मुंबईचे मानसशास्त्रज्ञ डॉ. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी कितीतरी वर्षं पत्रव्यवहार केला. नुसती चाहत्याची पत्रं नव्हेत, शंका, हरकती, सुधारणा. फडके यांनी ही पद्धत इथल्या कित्येकांना शिकवली. त्यांच्याबरोबर काम केलेल्या अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ हे मराठी पुस्तक लिहिलं, आणि दोघांनी मिळून २०१८ मध्ये या पद्धतीवर इंग्रजी पुस्तकही काढलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी व्याख्यानांतून आणि ‘स्वभाव-विभाव’सारख्या पुस्तकातून हा विचार घरगुती मराठीत आणला. त्यामुळे झालंय असं, की मराठी मध्यमवर्गीय घरात फ्रॉइड कोणी वाचलेला नसतो, पण एखाद्या मावशीने एलिस ऐकलेला असतो. आणि आपल्या या मंडळींनी केलेली एक गोष्ट मला आवडते. त्यांनी एलिस घेतला, त्याच्या शिव्या घेतल्या नाहीत. वाद तोच, पण आधी चहा विचारून. न्यूयॉर्कच्या शुक्रवारी रात्री जे चालून जायचं ते डोंबिवलीच्या शनिवारच्या सकाळी चाललं नसतं. पद्धत तीच राहून माणूस बदलला की उपचार बदलतो. तुम्ही समुपदेशक शोधत असाल तर पद्धतीच्या नावाइतकंच हेही बघा, की तुमचं वाक्य पुरं होईपर्यंत तो थांबतो का.

आता ते भांडण. २००५ साली एलिस ९१ वर्षांचे होते. मधुमेह चाळिशीपासून, ऐकू कमी, एक मोठी शस्त्रक्रिया झालेली. ज्या संस्थेला त्यांनी आयुष्य दिलं, जिथून ते स्वतःसाठी अगदी मोजका पगार घ्यायचे, तिच्याच संचालक मंडळाने त्यांना मंडळावरून काढलं आणि शुक्रवारचे कार्यक्रम थांबवले. तेव्हा त्यांनी आपलं शास्त्र स्वतःवर वापरलंच असणार. हे लोक असेच आहेत, मला आवडलेलं नाही, पण म्हणून माझं आयुष्य भयंकर झालेलं नाही. आणि हे म्हणून ते गप्प बसले का? नाही. शेजारी जागा भाड्याने घेऊन शुक्रवारचा कार्यक्रम सुरू केला, आणि सरळ कोर्टात गेले. जानेवारी २००६ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला, की त्यांना मंडळावरून काढणं चुकीचं होतं. संतापाने रात्र रात्र जागायचं नाही, आणि वकीलही सोडायचा नाही. माझ्या मैत्रिणीला त्या दिवशी हे दोन्ही एकत्र सांगणारं कोणी भेटायला हवं होतं.

त्याच वर्षी त्यांना न्यूमोनिया झाला. मग पुढचं वर्षभर हॉस्पिटल आणि शुश्रूषा केंद्र. तिथेही विद्यार्थ्यांचे गट भेटायला यायचे आणि ते खाटेवरून शिकवायचे. २४ जुलै २००७ ला ते गेले, ९३ व्या वर्षी.

पुढच्या भागात कार्ल रॉजर्स, म्हणजे पहिल्या नंबरवाला, ऐकणारा. आणि हो, आत्ता ऐकताना कोणाला खरंच फार जड वाटत असेल, तर माझ्या पुढच्या भागाची वाट बघू नका. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत फोनसेवा आहे, नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं. भेटू.